पंचशील पाठ होतं, पण बाथरूममध्ये गोम निघाली तेव्हा

मला बेचा पाढा यायच्या आधी पंचशील यायचं. कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मी, दर रविवारी सकाळी आई पांढरी साडी नेसून विहारात न्यायची आणि आम्ही पोरं पुढच्या सतरंजीवर बसून घशाच्या शिरा ताणून म्हणायचो. 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि', म्हणजे जीवहत्या करणार नाही हा नियम मी घेते. मी बरीच वर्षं त्या समादियामि चं 'समई दिया मी' करायचे, मला वाटायचं कोणीतरी कोणालातरी समई दिली असणार. कोणी दुरुस्त केलं नाही कारण कोरसमध्ये कळतंय कोणाला.

वंदना संपली की शेवटी दोन मिनिटं ध्यान असायचं. म्हणजे डोळे घट्ट मिटायचे, पोरांनी एका डोळ्यानं खीर आलीय का बघायचं आणि बायकांनी घरी गॅस बंद केला होता का ते आठवायचं. माझं एकूण मेडिटेशन एज्युकेशन वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत एवढंच होतं, आणि हे मी बौद्ध घरातली असून सांगतेय. ऑफिसमधले लोक सहज म्हणतात तुमच्यात तर हे सगळं असेलच ना, मेडिटेशन वगैरे. काय सांगायचं त्यांना. आमच्यात वंदना असते, जयंती असते, वर्षावासात तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीला जाणं असतं. बसणं नव्हतं.

नसण्याचं एक कारण आमचे पप्पा. पप्पा रेल्वेत गुड्स गार्ड होते, पस्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात. पुस्तकं खूप वाचलेली आणि विपश्यना, म्हणजे डोळे मिटून ध्यानाला बसणं, हा शब्द काढला की ठरलेलं वाक्य, "बाबासाहेबांनी आपल्याला डोळे उघडायला सांगितलेत, मिटायला नाही." आणि हे फक्त आमच्या घरात नाही बरं का, आमच्या समाजात हा जुना वाद आहे, दोन्ही बाजूची माणसं विहारातल्या एकाच सतरंजीवर बसलेली असतात. एक बाजू म्हणते बुद्धाचा धम्म समाज बदलायला आहे, डोळे मिटून श्वास बघत बसलात तर गावातली विहीर कोण उघडी करणार. दुसरी म्हणते अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी काय उगाच घातलीय का. मला आजही दोघांचं पटतं. वाद घालायला गेले तर पप्पाच जिंकतील, त्यामुळे मी घालत नाही.

तर मग मी इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले कशी? दातांमुळे. मी रात्री झोपेत दात खाते, इतके की दाढेचा एक टवका उडाला. डेंटिस्टनं रात्री लावायचं प्लास्टिकचं कव्हर करून दिलं आणि म्हणाल्या मॅडम स्ट्रेस कमी करा. त्याच सुमारास बँकेत एचआरनं माइंडफुलनेसचा वेबिनार ठेवला होता, त्यात एका मुलीनं आम्हाला प्रत्येकी एक मनुका हातात घ्यायला सांगितला, त्याच्याकडे पाच मिनिटं बघा, त्याच्या सुरकुत्या बघा, वास घ्या, मग हळूहळू चावा. आमच्या कॅश डिपार्टमेंटनं पहिल्या मिनिटातच खाल्ला. नंतर कळलं की ही मनुक्याची गोष्ट खरंतर चांगल्या घरची आहे, अमेरिकेत जॉन कबात-झिन नावाच्या माणसानं 1979 साली मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात जुनाट दुखणी असलेल्या पेशंटसाठी काही आठवड्यांचा कोर्स काढला, त्यातून हे सगळं माइंडफुलनेस प्रकरण जगभर गेलं. त्यानं ते घेतलं बौद्ध साधनेतूनच, वरचं धार्मिक साल काढून. म्हणजे आमच्याच घरातली वस्तू, अमेरिकेला जाऊन, मनुका होऊन, एचआरमार्फत मला परत आली. मला जरा लाजच वाटली. म्हटलं कल्याणहून इगतपुरी दोन तासांवर आणि मी झूमवर मनुका बघतेय.

फॉर्म ऑनलाइन भरला. पहिल्यांदा वेटिंग आलं, मग ऑगस्टमधलं मिळालं. फॉर्ममध्ये तब्येतीचं बरंच विचारतात, मानसिक आजार, चालू गोळ्या वगैरे, आणि ते खरं खरं भरा हां, कारण दहा दिवस गप्प बसणं हा काही साधा प्रकार नाही आणि सगळ्यांना झेपेलच असं नाही. दहा दिवसांचं म्हणतात पण पोचायचा आणि निघायचा दिवस धरून बारा होतात. माझी मैत्रीण मंत्रालयात आहे, सरकारी कर्मचाऱ्यांना यासाठी रजा मिळते, आमच्याकडे मात्र सगळी पीएल, म्हणजे हक्काची रजा, गेली. फी नाही. राहणं-जेवण सगळं आधीच्या साधकांच्या दानावर, आणि दानही एक कोर्स पूर्ण केल्याशिवाय घेत नाहीत.

माझ्या सात वर्षांच्या मुलाला सांगितलं की आईचा फोन जमा होणार, बोलायचं नाही, वाचायचं-लिहायचं नाही, गेटबाहेर जायचं नाही. तो म्हणाला मग तू जेलमध्ये चाललीस का? नवरा हसला. पण गंमत म्हणजे 1994 साली किरण बेदी असताना तिहार जेलमध्ये हजारावर कैद्यांनी एकदम हेच शिबिर केलं होतं, त्यामुळे पोराचं अगदीच चूक नव्हतं.

पप्पांना फोन केला तर म्हणाले, "जा. पाऊस आहे, छत्री ने." बस.

इगतपुरीचा ऑगस्ट ज्यानं बघितलाय त्याला माहितीय. पाऊस पडत नसतो, पाऊस तिथं राहायला असतो. दहा दिवसांत माझा एकही टॉवेल वाळला नाही. धम्मगिरीच्या, म्हणजे तिथल्या विपश्यना केंद्राच्या, मागचा डोंगर पहिले चार दिवस मला दिसलाच नाही, नुसतं पांढरं. आणि त्या पांढऱ्यात पहाटे चारला घंटा. साडेचारला हॉलमध्ये, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि चुरमुरे, आणि मग रात्री काही नाही. जुन्या साधकांना तर चुरमुरेपण नाहीत, नुसतं लिंबूपाणी, ते आमच्या वाटीकडे ज्या समतेनं बघायचे ती समता मला अजून जमलेली नाही. बाकी दिवसभर बसायचं. मोजून दहा-साडेदहा तास.

पहिले तीन दिवस फक्त आनापान. आत येणारा श्वास, बाहेर जाणारा श्वास, नाकपुडीपाशी. श्वास मुद्दाम लांब करायचा नाही, मोजायचा नाही, त्याच्यावर कुठला मंत्र चिकटवायचा नाही, जसा आहे तसा. ऐकायला सोपंय. मी सलग तीन श्वास बघू शकत नव्हते. तीन! दुसऱ्या श्वासाला मी बँकेत, तिसऱ्याला नणंदेच्या लग्नातल्या मानपानात, जे 2011 ला झालं. आणि जे आठवायचं ते काही मोठं दुःख वगैरे नाही, एक तर फालतू भांडण नाहीतर फालतू गाणं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आचार्यांना भेटायच्या वेळेत जाऊन सांगितलं की माझं मन लागतच नाही. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, मन पळालं हे कळलं ना? मग परत आणा. मी म्हटलं आणते पण परत पळतं. म्हणाल्या, मग परत आणा. मी बाहेर येऊन जरा चिडलेच, एवढ्यासाठी पंधरा मिनिटं लाइनमध्ये उभी होते.

तिसऱ्या दिवशी रात्री ती गोम.

बाथरूममध्ये हात धुवायला गेले तर बादलीच्या कडेला, वीतभर नसेल पण चांगली बोटभर, तांबडी, सगळे पाय एकदम चालवत. मी "अगं बाई!" म्हणून ओरडले आणि आर्य मौन तिथेच संपलं, आणि पुढच्या क्षणी पायातली चप्पल माझ्या हातात होती. ती हातात कधी आली मला सांगता येणार नाही. हे मी नंतर बरेच दिवस घोळवलंय. गोम दिसली, मानेपासून पाठीपर्यंत एक सणक गेली, आणि चप्पल वर. मध्ये 'मारू का' असा विचार नाहीच. पाच वर्षांची असल्यापासून आठवड्याला एकदा मी पाणातिपाता वेरमणी म्हणतेय, हजार दीड हजार वेळा तरी म्हटलं असेल, आणि ते शब्द त्या क्षणी कुठे आसपासही नव्हते. आणि मग मात्र, तीन दिवस नाकाखाली लक्ष ठेवून ठेवून असेल, किंवा नुसतीच घाबरले असेन, मी थांबले. हात वरच. छातीत धडधड, हाताला घाम, कानात गरम. गोम आपली फरशीच्या फटीकडे निघालेली, तिला माझ्याशी काही घेणंदेणं नाही. शेजारच्या खोलीतून आवाज ऐकून धम्मसेविका आली, तिनं प्लास्टिकचा मग पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि बाहेर गवतात सोडून आली, जाताना ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. तिचा सराव दिसत होता.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. म्हणजे आता नाकापुरतं नाही, डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या अंगावर लक्ष फिरवायचं आणि जिथे जी वेदना असेल ती बघायची. इथे मी अडकले. वेदना? मला डोक्यावर काही दुखत नव्हतं. गालावरही नाही. मी अर्धा तास आपली कुठे दुखतंय शोधत होते, गुडघा सोडला तर कुठेच नाही, म्हटलं चला आपण बऱ्या आहोत. संध्याकाळच्या प्रवचनात उलगडा झाला. पालीतली वेदना म्हणजे आपली मराठी वेदना नाहीच. पालीत अंगावर जे काही जाणवतं ते सगळं वेदना, सुखा वेदना, दुक्खा वेदना आणि अदुक्खमसुखा वेदना, म्हणजे धड सुखाची नाही धड दुःखाची नाही अशी. पंख्याचा वारा हाताला लागला ती वेदना, कपाळावर घाम आला ती वेदना, खाज, मुंग्या, कपड्याचा स्पर्श, सगळं. मराठीनं त्या तीनातली एक उचलली आणि बाकीच्या दोन सोडून दिल्या. संस्काराचं तसंच. आपण म्हणतो पोरावर चांगले संस्कार आहेत, तिथे संखार म्हणजे मनाला पडलेले वळ, चप्पल आपोआप हातात येते ते. ज्यांना इंग्रजीतून हे शिकायला मिळतं त्यांना हा घोळ होत नसेल, आपल्याला शब्द ओळखीचे वाटतात म्हणून आपण जास्त फसतो.

विहारात एक ओळ कितीदा कानावर पडलेली, 'वेदनापच्चया तण्हा'. वेदनेमुळे तृष्णा. मी त्याचा अर्थ लावलेला की दुःखामुळे हाव सुटते, असं काहीतरी उदात्त. पाचव्या दिवशी अधिष्ठानात, म्हणजे एक तास हातपाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचं ते, माझ्या नाकाच्या शेंड्यावर खाज आली. आणि मला ती ओळ समोर दिसली हो. खाज ही वेदना. खाजवायला हात शिवशिवतो ती तण्हा. दोन्हीच्या मध्ये इवलीशी जागा आहे. एरवी ती जागा मला आयुष्यात कधी दिसली नसती कारण हात आधीच पोचलेला असतो, गोमेच्या वेळेला पोचला तसा. आता हलायचं नाही म्हणून ती खाज वाढली, पसरली, डोळ्यांत पाणी आलं, वाटलं आता नाकच गळून पडेल, आणि मग कधीतरी ती नव्हती. कधी गेली तेही कळलं नाही. गुडघ्याचं असं झटकन झालं नाही. गुडघा तासभर पेटलेलाच, पण जवळून बघितलं तर 'गुडघा दुखतोय' असं एक गाठोडं नव्हतंच, आत एक गरम चटका, त्याच्या बाजूला ठणका, वर ताण, आणि या सगळ्यावर एक आवाज, अजून किती वेळ, अजून किती वेळ. सगळ्यात जास्त त्रास त्या आवाजाचा होता.

ही शिबिरं भारतात आणणाऱ्या गोएंका गुरुजींचा आवाज टेपवर असतो, 2013 साली गेले ते. मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी, तरुणपणी भयंकर मायग्रेन, इतका की मॉर्फिनची इंजेक्शनं लागायची. त्यावर उपाय म्हणून रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले तर त्यांनी आधी घ्यायलाच नकार दिला, म्हणे डोकेदुखी बरी करायला येणार असाल तर हे त्यासाठी नाही. हे ऐकून मी माझ्या दातांचा विषय मनातल्या मनात मागे घेतला. 1955 ला त्यांनी पहिला कोर्स केला, 1969 ला भारतात आले, इगतपुरीचं केंद्र 1976 पासून. त्यांची ती खर्जातली, शेवटी लांबत लांबत विरत जाणारी पाली सुत्तं पहिल्या दिवशी मला हसू आणत होती, सातव्या दिवसापर्यंत पहाटे त्यांचीच वाट बघत होते, कारण ती लागली म्हणजे नाश्ता जवळ आला.

रात्री झोप कमी लागायची. खालून घाटातल्या मालगाड्यांचा आवाज यायचा. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर लावतात, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, चढ सदतिसाला एक आहे, आणि इगतपुरीला ती काढतात. हे मला लहानपणापासून माहीत कारण पप्पांचं हेच जग. त्या अंधारात पडल्या पडल्या मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की या माणसानं पस्तीस वर्षं रात्री-अपरात्री, गाडीच्या शेपटाला, एकट्यानं, न बोलता बसून काढलीयत. हलणाऱ्या डब्यात. कुठला हॉल नाही, गादी नाही, आचार्य नाहीत. मग मी रडले थोडं. आठव्या दिवशी बरेच जण रडतात असं नंतर कळलं त्यामुळे त्याचं फार काही नाही.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान, झाली आणि मौन सुटलं. मला वाटलेलं बायका काहीतरी खोल बोलतील. जो कलकलाट झाला की विचारू नका, आणि निम्मा विषय जेवणाचा. माझ्या समोर बसणारी एक काकू, जिच्याबद्दल मी नऊ दिवस ठरवून टाकलेलं की ही फार पोचलेली साधिका आहे, दगडासारखी बसायची, ती म्हणाली अगं मी बसल्या बसल्या झोपत होते. गोमवाली गोष्ट मी सांगितली तर तीन जणींच्या खोलीत निघाली होती, बहुतेक तीच.

घरी आल्यावरचं खरं सांगते. सांगतात सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. तीन आठवडे केलं, मग गणपती आले, मग मुलाला ताप, मग बंदच. डिसेंबरात परत सुरू केलं, वीस मिनिटं, सव्वापाचला, नळाला पाणी यायच्या आधी. कधी लोकलमध्ये लेडीज डब्यात उभ्यानं आनापान, ठाण्यापर्यंत, मुंब्र्याला तुटतं. दात अजून खाते, नवरा म्हणतो कमी झालंय, तो मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. काउंटरवर मागच्या महिन्यात एक कस्टमर केवायसीवरून आवाज चढवून बोलला, तेव्हा माझे कान गरम झालेले मला स्पष्ट कळले, अगदी गोमेच्या वेळेसारखे, म्हटलं वा, वेदना. आणि तरी मी ओरडलेच त्याच्यावर. फक्त ओरडताना माहीत होतं की ओरडतेय. याला प्रगती म्हणायची का ते मला माहीत नाही.

पप्पांना मी फार काही पटवायला गेले नाही. एक दिवस जेवताना सहज सांगितलं की हे ऊ बा खिन म्हणजे कोणी भिक्खू नव्हते, संसारी माणूस, आणि 1941 च्या सुमाराला बर्मा रेल्वेत अकाउंट्स ऑफिसर होते, रेल्वेच्या कामासाठी एका स्टेशनवर गेले असताना त्यांची एका मोठ्या भन्तेंशी गाठ पडली. पप्पांनी घास थांबवला. "रेल्वेत?" म्हटलं हो. "अकाउंट्सवाले," म्हणाले, "मग बसायला वेळ असणारच." रनिंग स्टाफचा आणि ऑफिसवाल्यांचा हा जुना हिशेब आहे, तो निब्बानापर्यंत मिटायचा नाही. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले की बाबासाहेबपण 1954 ला रंगूनला गेले होते बौद्ध परिषदेला, देहूरोडची बुद्धमूर्ती तिकडचीच. मी गप्प. तेही गप्प. आईनं भात वाढला.

यंदा पावसाळ्यात परत फॉर्म भरलाय, या वेळी सेविका म्हणून जायचंय. गेल्या आठवड्यात पप्पांचा फोन आला, आईनं सांगितलेलं दिसत होतं. म्हणाले, कसाऱ्यापर्यंत लोकलनं जाऊन पुढे जीप करायचा शहाणपणा करू नकोस, पावसात घाटात अडकशील, सकाळची थेट एक्स्प्रेस धर. मी बरं म्हटलं. मग म्हणाले, "आणि तो प्लास्टिकचा मग घरूनच ने."